तुम्ही विचारलंत म्हणून : नायकाचा तो एक दोष

‘शोकांतिकेच्या नायकाचा घातक दोष एका शब्दात सांगाल का?’ हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतच असतं. मी नाटक शिकवते, अधूनमधून हौशी मंडळींची नाटकं बसवते, त्यामुळे विचारणारे वेगवेगळे असतात. परीक्षेला बसलेल्यांना उत्तरपत्रिकेत लिहायला शब्द हवा असतो, नटांना भूमिका पकडायला. काही जणांनी नुकतंच एखादं जुनं नाटक वाचलेलं असतं आणि त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. त्यांना खरं म्हणजे विचारायचं असतं की एवढा चांगला माणूस असा कसा बुडाला? मला हे शेवटचे विचारणारे सगळ्यात जवळचे वाटतात, आणि हे उत्तर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एका शब्दाची यादी तर तयारच आहे. ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे चालढकल, मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, लिअर म्हणजे हट्ट, ईडिपस म्हणजे गर्व. आपल्या ‘एकच प्याला’तला सुधाकर म्हणजे अर्थातच दारू. या शब्दांत खोटं काही नाही. पण ते नाटक संपल्यावर लावलेले शब्द आहेत. पडदा पडल्यावर मागे वळून बघणाऱ्याला दोष दिसतो. नाटक चालू असताना त्याच जागी गुण दिसत असतो, आणि तो दिसतो म्हणूनच आपण त्या माणसामागे तीन तास जातो.

तालमीत याचा फटका ताबडतोब बसतो. ऑथेल्लो करणारा नट ‘मत्सर’ हा शब्द डोक्यात घेऊन आला की पहिल्या प्रवेशापासूनच त्याच्या कपाळाला आठी. मग तिसऱ्या अंकात बायकोविरुद्ध त्याचे कान भरणाऱ्या इयागोला काही करायला उरतच नाही. जे पेटलेलंच आहे ते तो काय पेटवणार? शेक्सपिअरनं पहिल्या अंकात काय दाखवलंय ते बघा. रात्रीच्या वेळी डेस्डिमोनाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, बाप हत्यारबंद माणसं घेऊन येतो, दोन्हीकडून तलवारी उपसल्या जातात, आणि हा सेनापती अगदी सहज म्हणतो, त्या चकचकीत तलवारी म्यानात ठेवा, दवानं गंजतील. एका वाक्यात सगळे गप्प. हा संशयी माणूस नाही. खुद्द इयागो कबूल करतो की हा मोकळ्या मनाचा आहे, वरून जो प्रामाणिक दिसेल त्याला प्रामाणिक समजणारा. शिवाय आयुष्य छावणीत गेलेलं. शंका आली की तिचा निकाल तिथल्या तिथे लावायचा, ही त्याची सवय, कारण रणांगणावर घुटमळणारा सेनापती सैन्य घालवून बसतो. तीच सवय तो घरात घेऊन येतो. मराठी रंगभूमीला हा माणूस ‘झुंझारराव’ म्हणून ओळखीचा आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये हे नाटक मराठी वेषात आणलं.

नाटकवाल्यांमध्ये एक जुनी अदलाबदल सांगितली जाते. हॅम्लेटला ऑथेल्लोच्या जागी उभं करा. बायकोचा रुमाल परक्याच्या हाती दिसल्याची गोष्ट कानावर आली तरी तो चार दिवस विचार करील, इयागोला दहा प्रश्न विचारील, आणि डेस्डिमोना वाचेल. ऑथेल्लोला डेन्मार्कला पाठवा. बापाचं भूत बोलून गेलं की उजाडायच्या आत त्यानं खुनी काकाचा निकाल लावलेला असेल. दोन्ही नाटकं मध्येच आटोपतील. म्हणजे दोष एकट्या माणसाच्या पोटात नसतो. अमुक माणूस आणि नेमकी अमुक वेळ यांची गाठ पडावी लागते.

ॲरिस्टॉटलनं याबद्दल लिहिलंय ते फार थोडं आहे. सॉफोक्लीजच्या ‘ईडिपस’नंतर जवळजवळ शंभर वर्षांनी तो लिहितोय. त्याचं म्हणणं असं की अगदी सज्जन माणूस बुडताना दाखवला तर आपल्याला फक्त किळस येते, दुष्ट बुडाला तर ‘बरं झालं’ वाटतं. करुणा आणि भय दोन्ही वाटायची असतील तर माणूस मधला हवा, आपल्यासारखा, आणि त्याचा पाडाव दुष्टपणामुळे होता कामा नये. एखाद्या मोठ्या प्रमादामुळे व्हावा. उदाहरण म्हणून तो ईडिपसचं नाव घेतो, पण ईडिपसचा प्रमाद कोणता ते तो सांगत नाही. दुर्गुणांचा तक्ता तर त्यानं कुठेच दिलेला नाही. तो तक्ता आपण नंतर केला, आणि मला वाटतं नाटकाला कीर्तनासारखं बोधपर करायच्या घाईनं केला.

म्हणून मी विचारणाऱ्याला शब्द देत नाही, एक काम देते. नाटक हातात घ्या आणि नायकाला ‘थांब’ म्हणणारं कोण आहे ते शोधा. जवळजवळ प्रत्येक मोठ्या शोकांतिकेत असं कुणीतरी असतं. मग नायक त्याला काय उत्तर देतो त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. दोष शोधायचा असेल तर तो त्या उत्तरात शोधा. आणि ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचलंत की लक्षात येईल की त्या माणसातलं सगळ्यात चांगलं जे आहे तेच तिथं बोलतंय.

‘ईडिपस’मध्ये तर थांब म्हणणाऱ्यांची रांग लागलेली आहे. थीब्ज शहरात साथ आहे, पिकं करपतायत, बायकांची बाळंतपणं बिघडतायत. लोक राजवाड्यासमोर येऊन बसतात, तेव्हा राजा त्यांना सांगतो की तुम्ही यायच्या आधीच मी क्रेऑनला डेल्फीला देवाचा कौल घ्यायला पाठवलंय. असा राजा. कौल येतो की आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी शहरात आहे, त्याला हाकला. ईडिपस खुन्याला सगळ्यांसमोर शाप देतो, आणि तो माझ्या घरात निघाला तरी शाप मलाही लागू दे म्हणतो. मग आंधळा द्रष्टा टायरेसियस येतो आणि म्हणतो, मला घरी जाऊ दे, तुझं ओझं तू वाहा, माझं मी. ईडिपस त्याला सोडत नाही. पुढे करिंथहून निरोप्या येतो. त्याच्या बोलण्यातून ईडिपस हा करिंथच्या राजाचा पोटचा मुलगा नाही हे बाहेर येतं, आणि जोकास्टाला, त्याच्या बायकोला, सगळं उमगतं: हा आपलाच मुलगा, आणि लायसचा, स्वतःच्या बापाचा, खुनीही हाच. ती हातापाया पडते: जिवाची पर्वा असेल तर पुढे जाऊ नकोस, माझ्या वाट्याचं दुःख मला पुरे आहे. त्याला वाटतं, आपण हलक्या कुळातले निघू म्हणून हिला लाज वाटतेय. शेवटी म्हातारा मेंढपाळ. तोही विनवतो, धनी, आणखी विचारू नका. आणि मग त्या नाटकातल्या दोन ओळी येतात, ज्या मी कितीदा वाचल्या तरी थांबून वाचते. मेंढपाळ म्हणतो, आता जे भयंकर आहे ते बोलायची वेळ माझ्यावर आली. ईडिपस म्हणतो, आणि ऐकायची माझ्यावर. पण ऐकलंच पाहिजे.

याला गर्व म्हणायचं? गर्विष्ठ माणूस इथे थांबला असता. राजा होता, मेंढपाळ त्याच्या ताब्यात होता, एक शब्द टाकला असता तर प्रकरण दाबता आलं असतं. आणखी एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. नाटक सुरू होतं तेव्हा प्रश्न असतो लायसचा खून कुणी केला. करिंथचा निरोप्या आल्यावर तो प्रश्न मागे पडतो. साथ, शहर, प्रजा यांचं नावही निघत नाही. आता ईडिपसला एवढंच हवंय की मी कोण. ज्या बुद्धीनं त्यानं शहराला छळणाऱ्या स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवलं, शहर वाचवलं, गादी मिळवली, तीच बुद्धी आता त्याच्यावरच चालून येते आणि तिला थांबायची सवयच नाही. कोडं अर्धवट सोडणं त्याला जमत नाही. याला दोष म्हणा, माझी हरकत नाही. पण मग सगळं विज्ञान, सगळा तपास, खरं काय ते कळलंच पाहिजे असं म्हणणारा प्रत्येक माणूस त्याच दोषाचा धनी आहे.

बाकीची मोठी नाटकं याच कसोटीवर झटपट बघता येतात. लिअरला त्याचा इमानी सरदार केंट सांगतो, नीट बघ. लिअर त्याला देशाबाहेर घालवतो. हॅम्लेटला शेवटच्या द्वंद्वाआधी त्याचा मित्र होरेशिओ म्हणतो, मन कचरत असेल तर त्याचं ऐक, मी सांगून टाकतो तुझी तयारी नाही म्हणून. आयुष्यभर चालढकल केल्याचा ठपका असलेला हा मुलगा तेव्हा शांतपणे म्हणतो की तयारी असणं हेच सगळं. मॅकबेथची तऱ्हा उलटी आहे. तिथे ‘थांब’ तो स्वतःच म्हणतो. राजाला मारायचं हे प्रकरण आता पुढे न्यायचं नाही, असं बायकोला स्पष्ट सांगतो. ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते, आणि त्याच रात्री खून होतो. महत्त्वाकांक्षा त्याला खुनाच्या दारापर्यंत नेते हे खरं, पण आत ढकलते ती भित्रा ठरण्याची भीती. युद्धात शौर्यासाठी नावाजलेल्या माणसाला भित्रा म्हणवून घेणं सोसत नाही.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. संस्कृतात शोकांतिका नाही असं ठोकून सांगितलं जातं. तसं सांगणाऱ्यांनी भासाचं ‘कर्णभार’ एकदा वाचावं. एक अंकी नाटक, एका बैठकीत वाचून होतं. भासाच्या नावावर असलेली ही नाटकं टी. गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून छापली, तोवर ती लोकांच्या नजरेआडच होती.

कर्ण सेनापती म्हणून रणांगणाकडे निघालाय. शल्य सारथी. पहिल्यापासूनच काहीतरी बिनसलेलं आहे. कर्णाचं मन नेहमीसारखं उसळत नाही. तो शल्याला परशुरामाची हकीकत सांगतो: अस्त्रविद्येसाठी आपण क्षत्रिय नाही असं सांगून गुरूकडे राहिलो, गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपलेले असताना किड्यानं मांडी पोखरली तरी हललो नाही, आणि तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं व ऐन वेळी अस्त्रं निकामी होतील असा शाप दिला. अस्त्रं पारखून बघावीत तर ती खरोखरच निस्तेज दिसतात. घोडे अडखळतायत. एवढ्यात हाक येते, मोठी भिक्षा मागतोय. ब्राह्मणाच्या वेषातला इंद्र.

कर्ण नमस्कार करतो तेव्हा इंद्र घोटाळतो. ‘दीर्घायु हो’ म्हणावं तर हा जगेल, काहीच न म्हणावं तर मूर्ख ठरू. म्हणून तो आशीर्वाद देतो की सूर्यचंद्रासारखी, हिमालयासारखी, समुद्रासारखी तुझी कीर्ती टिको. कर्ण विचारतो, दीर्घायु हो असं का नाही म्हणालात? आणि लगेच स्वतःच म्हणतो, हेच बरं. देह गेले तरी गुण राहतात. इथे तो मरणाला जवळजवळ होकार देऊनच बसलेला आहे.

मग तो देऊ करतो: गाई. नको. घोडे. नको. हत्ती. नको. सोनं, जिंकलेली पृथ्वी, यज्ञाचं पुण्य. नको, नको. शेवटी म्हणतो, माझं मस्तक घ्या. इंद्र घाबरून कानांवर हात ठेवतो. मग कर्ण म्हणतो, जन्मासोबत अंगावर आलेलं कवच, कुंडलांसकट. आणि इंद्राच्या तोंडून पटकन निघतं, दे, दे. कर्णाला त्या घाईवरून संशय येतो. हा कपटी कृष्णाचा डाव तर नसेल? पुढच्याच क्षणी तो विचार बाजूला सारतो: असू दे, दिल्यावर हळहळणं शोभत नाही. शल्य ओरडतो, ‘अङ्गराज, न दातव्यं न दातव्यम्!’ देऊ नकोस, देऊ नकोस.

कर्णाचं उत्तर असं: शिकलेलं काळ गेला की विसरतं, मुळं घट्ट रोवलेली झाडंही कोसळतात, तळ्यातलं पाणी तळ्यातच आटतं, पण ‘हुतं च दत्तं च तथैव तिष्ठति’. जे होमलं आणि जे दिलं ते तसंच राहतं. आणि तो कवच कापून देतो.

तालमीत एका मुलानं हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून, ओठ चावत केला होता. मी त्याला म्हटलं, सावकाराला हप्ता दिल्यासारखं देऊ नकोस. सगळ्या जगानं ज्याची जात विचारली, ज्याच्याकडे मागायला कुणी आलं की तेवढ्यापुरतं ज्याचं मोठेपण निर्विवाद होतं, तो माणूस ऐन लढाईच्या सकाळी अखेरचं दान देतोय. त्याला घाई झाली पाहिजे. त्यानं तसं केलं, हात जरा पुढे धावून दिले, आणि समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला. दुःख त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे आलं.

महाभारतात ही गोष्ट युद्धाच्या कितीतरी आधीची, वनपर्वातली आहे. तिथे सूर्य कर्णाला स्वप्नात येऊन सावध करतो आणि द्यायचंच असेल तर बदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घे असं सुचवतो. कर्ण तशी ती मागून घेतो. भासानं प्रसंग उचलून रणांगणावर आणला आणि तो सौदा काढून टाकला. इथे कर्ण काही मागत नाही. नंतर इंद्राला वाईट वाटून तो दूताबरोबर शक्ती पाठवतो, तेव्हाही कर्ण म्हणतो, दिलेल्याच्या बदल्यात मी घेत नाही. शेवटी ब्राह्मणाचा शब्द म्हणून स्वीकारतो. शल्य म्हणतो, इंद्रानं तुला फसवलं. कर्ण म्हणतो, मीच त्याला फसवलं. असा हा माणूस. मग त्याचा दोष कोणता लिहायचा? औदार्य? परीक्षकानं गुण कापले तरी लिहा.

आणि आता सुधाकर, कारण मराठी माणूस हा प्रश्न घेऊन येतो तो बहुतेक वेळा सुधाकरासाठीच. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, आणि ‘एकच प्याला’ त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडसांचा सुधाकर, बालगंधर्वांची सिंधू, म्हणजे सुधाकराची बायको. दारूबंदीच्या प्रचारासाठी हे नाटक इतकं वापरलं गेलं की ‘दोष कोणता’ या प्रश्नाला दारू हे उत्तर आपोआप तोंडात येतं. पण तळीरामसुद्धा पितो, त्याचं आर्यमदिरामंडळ सगळं पितं, भगीरथ पितो आणि सुटतोही. त्यांच्यापैकी कुणाची शोकांतिका होत नाही. दारू सगळ्यांना सारखी. मग एकट्या सुधाकरालाच ती अशी का गिळते?

सुधाकर गरिबीतून, स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला वकील. सासर श्रीमंत. अशा माणसाच्या ठिकाणी मानीपणा ही चैन नसते, तेवढीच त्याची मिळकत असते. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती रद्द होते. ज्या कोर्टात त्यानं नाव कमावलं तिथेच मान खाली. दुसरा कुणी घरी बसून चार शिव्या दिल्या असत्या आणि ते दिवस काढले असते. याला एक तासही काढवत नाही. आणि त्या तासाला शेजारी तळीराम आहे, त्याचाच कारकून, एकच प्याला पुढे करणारा. ‘थांब’ म्हणणारा मित्र रामलाल विलायतेला गेलेला. गडकऱ्यांची ही जुळणी मला फार अचूक वाटते: हाक मारणारा दूर, प्याला जवळ.

पुढे रामलाल परत येऊन ‘सोड’ म्हणतो तेव्हा सुधाकर काय उत्तर देतो? तो दारूची बाजू घेत नाही. दारुड्याच्या एकामागून एक येणाऱ्या अवस्था तो अशा मांडतो की ऐकणारा थक्क होतो. दारू का सुटत नाही हे तो पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवतो. वकिलाची तल्लख बुद्धी शाबूत आहे. फक्त ती आता स्वतःला फाशी मिळावी म्हणून युक्तिवाद करतेय. आणि दारूत बुडालेला असतानाही मानीपणा सुटत नाही. सिंधूनं माहेरच्या पैशाला हात लावायचा नाही, ही शपथ तोच तिच्याकडून घेतो. पिणारा तो, दळण दळणारी ती, आणि मान मात्र अजून ताठ. एकदा तो खरोखर सोडतोही. सोडून कामाच्या शोधात बाहेर पडतो, आणि ओळखीची माणसं त्याला दारुडा म्हणून झिडकारतात. तिथून तो पुन्हा प्याल्याकडे जातो. दोन्ही वेळा ठेच एकाच जागी लागलेली आहे, अपमानाच्या.

म्हणून मला एका शब्दाचा आग्रह धरलाच तर सुधाकरासाठी मी मान हा शब्द देईन. आणि पुढे लगेच सांगेन की याच मानानं त्याला शिकवलं, उभं केलं, सिंधूसारखीच्या प्रेमाला पात्र केलं.

यावर काहीजण रागावतात, आणि त्यांचा राग मला योग्य वाटतो. म्हणतात, दोषालाच गुण म्हटलंत की सगळं माफ. तसं मी मुळीच म्हणत नाही. सुधाकराच्या हातून नशेत तान्हं मूल जातं, सिंधू जबर जखमी होऊन मरते. ऑथेल्लो डेस्डिमोनाला मारताना ती फक्त अर्धा तास मागते, एक प्रार्थना म्हणेपर्यंतचा वेळ मागते, आणि तो म्हणतो आता उशीर झाला. जोकास्टा आत जाऊन गळफास घेते. या नायकांच्या मोठेपणाची किंमत त्यांनी एकट्यानं कधीच मोजलेली नाही. घरातल्यांनी मोजली, बहुतेक वेळा बायकांनी. नायक समजून घेताना ही बाब नजरेआड झाली तर आपण नाटक अर्धंच वाचलं. पण ‘दारू वाईट’, ‘मत्सर वाईट’ एवढंच लिहून वही मिटली तरी ते अर्धंच राहतं, कारण मग आपल्याला वाटतं की आपण पीत नाही, आपण संशयी नाही, म्हणजे आपल्या घराला धोका नाही. धोका आपल्या चांगुलपणाच्या बाजूनंही येऊ शकतो, हे ही नाटकं ज्या ताकदीनं दाखवतात त्या ताकदीनं दुसरं काही दाखवत नाही. म्हणून मला ती इतकी लागतात.

आता हीच कसोटी सिंधूला लावून बघा. हे काम मी हल्ली प्रत्येक नव्या वर्गाला देते. सिंधूला ‘थांब’ म्हणणारे आहेत. भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यायला आलेला आहे. श्रीमंत घर, मानाची जागा, लेकराचं पोट भरेल अशी सोय, सगळं तयार आहे. तिचं उत्तर म्हणजे वि. सी. गुर्जरांचं ते पद, ‘कशि या त्यजूं पदाला’. नवऱ्याचे पाय सोडून जायचं नाही. आजच्या मुली हे वाचून संतापतात, वर्गात भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत. पण भांडण थोडं शांत झालं की मी त्यांना पुढचं विचारते: तिनं दिलेला शब्द ती शेवटपर्यंत पाळते, मरतानासुद्धा फौजदारापुढे खोटं बोलून नवऱ्याला वाचवू बघते. निष्ठा हा तिचा सगळ्यात मोठा गुण, आणि ती बुडते त्याच निष्ठेपायी, मुलासकट. थांब म्हणणारा समोर उभा असताना, सगळं स्पष्ट दिसत असताना, ती नाही म्हणते. कर्णानं कवच दिलं, तीच तऱ्हा इथे आहे. सुधाकर तर निम्मा वेळ शुद्धीवर नाही. तो जे करतो त्यातलं बरंचसं प्याला करतो. सिंधू प्रत्येक निर्णय पूर्ण शुद्धीत घेते.

बालगंधर्वांना फाटक्या लुगड्यात बघायला लोक गर्दी करत होते ते केवळ गाण्यासाठी असं मला वाटत नाही. नाटकाचं नाव प्याल्यावर आहे, नायक म्हणून पात्रपरिचयात सुधाकर आहे, पाठ्यपुस्तकं त्याचाच दोष विचारतात. माझं मत विचाराल तर ॲरिस्टॉटलनं सांगितलेली करुणा आणि भय या नाटकात सिंधूकडून येतात, आणि नायकाच्या दोषावरचं उत्तर लिहायचं असेल तर ते तिच्यावर लिहावं.